भोवऱ्याची चार मिनिटे

प्रथम क्षमा मागते. जिने सारी नोकरी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, इतरांच्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात घालवली, तिने सदुसष्टाव्या वर्षी स्वतःच लेखणी हाती घ्यावी हे धारिष्ट्य आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. लिहिली नसती तरी चालले असते अशी पुस्तके किती लिहिली जातात आणि शेवटी ती कोणत्या कपाटाच्या कोणत्या खालच्या फळीवर जाऊन विसावतात, हे माझ्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. त्या फळीवर आपलीही चार पाने जाणार हे गृहीत धरूनच मी लिहिते आहे. वाचकाने मध्येच पान मिटले तर मला राग येणार नाही. पुस्तक समोर धरून भलतीकडे पाहत बसलेली माणसे पाहण्याची मला जन्माची सवय आहे.

मी नागपूरची. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात लंडनच्या वायव्य भागात, हॅरोला राहतात. मुलगा सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनने शहरात जातो, सून घरूनच एका बँकेच्या मीटिंगा करते, आणि दरवर्षी वसंतात येऊन व्हिसाच्या सहा महिन्यांच्या मुदतीपुरती मी तिथे असते. मला ठरलेले काम एकच : नातीला शाळेत सोडणे आणि घरी आणणे. बाकी वेळ मी घरात कोणाच्या कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने वावरते.

शाळा प्राथमिकच आहे. पण तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ हा शब्द आहे, आणि एकदा तो नावात घेतल्यावर रोज सिद्ध करण्याची जबाबदारी शाळेवर पडलेली आहे. प्रवेशद्वारापाशी ‘सुप्रभात’ अनेक भाषांत लिहिलेले आहे. त्यातले मराठी गुजरातीच्या खाली आणि थोडे तिरके आहे, ही गोष्ट आमच्या पालकांनी शाळेच्या लक्षात आणून दिली आहे. आत गेल्यावर भिंतभर एक कागदी झाड लागते. त्याचे नाव कम्युनिटी स्पिरिटचे झाड. कोणी मुलाने कोणाची पेन्सिल उचलून दिली, कोणासाठी दार धरले, की एक हिरवे पान त्या झाडावर चिकटवतात. चिकटपट्टी हलकी असल्यामुळे दुपारपर्यंत बरीच पाने खाली येतात आणि संध्याकाळी शाळेचे केअरटेकर तो सगळा परोपकार व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतात. ते काम मात्र त्यांच्या नोकरीचाच भाग असल्यामुळे त्यांच्या नावाचे पान नाही.

मैदानात मैत्रीचा एक बाकही आहे. ज्या मुलाला एकटे वाटते त्याने तिथे बसायचे, मग इतर मुलांनी येऊन त्याला खेळायला न्यायचे, अशी योजना. मी एकदा नातीला विचारले, “तू बसतेस का गं कधी तिथे?”

“नो, आजी. तिथे कोणीच नाही बसत.”

“का?”

“कारण तिथे बसला की सगळ्यांना कळतं.”

हे उत्तर मला तात्काळ पटले, कारण ही मुलगी माझ्यावर गेली आहे. वर्गात तिने कधी हात वर केला नव्हता. तिच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच वाक्य असे, त्याचा अर्थ ‘ही विचारपूर्वक ऐकते’ असा होता. माझ्या गोपनीय अहवालात ‘शांत व कामसू’ असे लिहून येई. जिच्याविषयी लिहिण्यासारखे काही सापडत नाही, तिच्यासाठी प्रत्येक देशात असे एक वाक्य तयार असते.

गेल्या वर्षी येताना मी सामानात दोन लाकडी भोवरे आणले होते. लहानपणी भावांच्या बरोबरीने मी भोवरा फिरवत असे. साठीनंतर हे सांगायला लाज वाटत नाही. लग्नाच्या वेळी सांगितले नव्हते. मागच्या अंगणात, कपडे वाळवण्याचा स्टँड आणि शेड यांच्यामध्ये जेवढी फरशी आहे तेवढ्यात आमचा वर्ग भरू लागला. दोरी घट्ट गुंडाळणे, मनगटाचा झटका, भोवरा सोडताना दोरीला द्यायची ओढ. या वसंतात मी परत आले तोवर ती एकटीच सराव करीत राहिली होती, आणि जूनपर्यंत तिला ते जमले जे मला कधी जमले नव्हते : फेकलेला भोवरा जमिनीला लागू न देता हवेतच तळहातावर झेलायचा. तळहातावर तो गुणगुणत उभा राहिला की तिचा चेहरा असा होई की मी दुसरीकडे पाहत असे. तिला कोणी पाहते आहे हे कळू नये म्हणून.

जुलैमध्ये शाळेची इंटरनॅशनल इव्हनिंग असते. प्रत्येक देशाला रंगमंचावर दहा मिनिटे. नियम एकच आणि तो ठळक अक्षरांत : जे काही होईल ते मुलांनी करायचे. वर्गात बाईंनी विचारले, कोणाला काही करून दाखवायचे आहे का, आणि आमच्या नातीने आयुष्यात प्रथमच हात वर केला. बाईंनी त्याच दुपारी सुनेला मेसेज पाठवला, त्यात उद्गारचिन्हे इतकी होती की सुनेला आधी वाटले मुलगी पडली.

तीन वाक्ये इंग्रजीत बोलायची आणि भोवरा तळहातावर झेलायचा. यासाठी तिने चार मिनिटे मागितली आणि ती मिळाली. भोवऱ्याला खाली लोखंडी अणी असते, म्हणून एक फॉर्म भरावा लागला. ‘यापासून कोणाला इजा होऊ शकते’ या प्रश्नापुढे तिने ‘मी काळजी घेतली तर कोणालाच नाही’ असे लिहिले. बाईंनी ते खोडून ‘सर्वांना’ असे लिहिले. मग खाली रबरी चटई, पहिल्या रांगेपासून तीन मीटर अंतर आणि शेजारी प्रथमोपचाराची पेटी, अशा अटींवर त्या एका संध्याकाळपुरती भोवऱ्याला परवानगी मिळाली.

भारताची दहा मिनिटे आळीपाळीने वाटली जातात. आदल्या वर्षी गुजराती पालकांची होती, त्यांनी गरबा केला आणि वेळेत संपवला. या वर्षी मराठी पालकांची पाळी. बैठक आमच्याच घरी, चिवड्यासह झाली.

आमच्या मराठी पालकांना एक अध्यक्ष आहेत. त्यांना कोणी निवडले हे मला अद्याप समजलेले नाही. ते पुण्याचे असल्यामुळे हा प्रश्न कोणी काढत नाही. चिटणीस म्हणून एक ठाण्याच्या बाई आहेत, त्या वही घेऊनच येतात.

“दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली,” अध्यक्ष म्हणाले. “नीट बसवलं तर सगळं बसतं. आधी दीपप्रज्वलन.”

“खरी ज्योत चालणार नाही हं,” सून म्हणाली. “हॉलमध्ये फायर अलार्म आहे.”

“एलईडीची समई आहे ना माझ्याकडे, गणपतीतली. लिहा, ताई. त्यानंतर सत्कार.”

“कोणाचा?” मी विचारले.

“अहो काकू, हेडटीचरचा नको का करायला? शाल, श्रीफळ.”

“नारळ फोडायचा नाही पण,” चिटणीसबाई म्हणाल्या. “हेल्थ अँड सेफ्टी.”

“फोडायचा कशाला? नुसता हातात द्यायचा.”

“त्या काय करतील हो त्याचं?”

“आपण तरी काय करतो? पुढच्या सत्काराला देतो.”

यावर सगळे हसले, आणि सत्कार मंजूर झाला. मग एकट्या हेडटीचरचाच केला तर डेप्युटी हेडना काय वाटेल, असा मुद्दा निघाला. डेप्युटींचा केला तर वर्गशिक्षिकेने काय घोडे मारले? रोज मुलांना जेवू घालणाऱ्या किचनच्या बाई राहून कशा चालतील? आणि खुर्च्या जे मांडणार त्या केअरटेकरना खाली बसवून वर शाली वाटणे हे कोणत्या संस्कृतीत बसते? पाच शाली, पाच नारळ. चिटणीसबाईंनी वहीत ‘साडेतीन मिनिटे’ असे लिहिले.

“आणि आमच्या मुलीचा भोवरा?” सुनेने विचारले.

“तो शेवटी, वहिनी. हायलाइट नेहमी शेवटी ठेवायचा असतो. मग अर्धा मिनिट आभार, की संपलं.”

इथे मी बोलायला हवे होते. आपल्या समारंभांत शेवटी ठेवलेल्या गोष्टीचे काय होते, हे मी आमच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे खुर्च्यांच्या मागे उभी राहून पाहिले आहे. बाहेरगावाहून बोलावलेल्या व्याख्यात्याची ओळख करून देता देता त्याच्या गाडीची वेळ झालेली मी पाहिली आहे. तो बिचारा शाल पांघरून, नारळ घेऊन, एक शब्द न बोलता स्टेशनवर गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे भाषण उद्बोधक झाल्याचे छापून आले. मुलीला पहिली ठेवा, एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. सुनेने माझ्याकडे पाहिलेही. मी तोंड उघडले.

“काकू, प्रास्ताविक तुम्ही करायचं,” अध्यक्ष म्हणाले.

“छे, छे! मला नको. मी कधी माइक हातात धरलेला नाही.”

“अहो, इतकी पुस्तकं वाचलीत तुम्ही!”

“वाचली कुठली? नंबर घातले.”

“बघा! विनोदबुद्धी पण आहे. लिहा, ताई. एक मिनिट, इंग्लिशमध्ये.”

“एकच मिनिट ना?” मी म्हणाले, आणि तो प्रश्न विचारताच माझा नकार संपला. क्रम बदलण्याची सूचनाही त्याबरोबर संपली. ज्या कार्यक्रमात आपल्याला मान मिळाला आहे त्याच्या क्रमाबद्दल तक्रार करणे बरे दिसत नाही, असे मी स्वतःला समजावले. अशी समजूत घालायला मला वेळ लागत नाही.

नात जिन्यात बसून सगळे ऐकत होती. पाहुणे गेल्यावर तिने कागदावर बेरीज करून आणली. समई एक, शाली साडेतीन, आजी एक, भोवरा चार, थँक यू अर्धा.

“टेन होतात, आजी. माझे चार मिनिट राहतील ना?”

“राहतील गं राणी.”

“पक्का?”

“पक्कं.”

पुढचे दोन आठवडे घरात दोन सराव चालले. ती अंगणात भोवरा झेलत असे आणि आपली तीन वाक्ये शेडला म्हणून दाखवत असे. ‘हा भोवरा आहे. हा लाकडाचा आहे आणि तो दोरीने जागा होतो. हे मला माझ्या आजीने शिकवले.’ मी न्हाणीघरात नळ सोडून माझे एक मिनिट म्हणत असे. ते चाळीस सेकंदांत संपे. वीस सेकंद वाचवल्याबद्दल मला स्वतःचा अभिमानही वाटे.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये दुपारच्या ग्रेव्हीचा वास अजून रेंगाळत होता. जेवणाची टेबले घडी घालून भिंतीला लावलेली, त्यांवर देशोदेशींचे खाद्यपदार्थ आणि प्रत्येकापुढे त्यात काय काय आहे याची चिठ्ठी. पहिल्या रांगेत मधोमध, छोट्या खुर्चीवर, सहावीतली एक मुलगी घड्याळ आणि तीन रंगीत कार्डे घेऊन बसली होती. ती विद्यार्थी मंडळाची वेळरक्षक. हिरवे कार्ड म्हणजे सुरू करा, पिवळे म्हणजे दोन मिनिटे उरली, लाल म्हणजे थांबा. आमच्या आधीच्या देशाचे एक गृहस्थ सतार नव्हे पण तसलेच काही वाद्य मुलाला जुळवून देत होते. लाल कार्ड वर गेले आणि ते वाद्य जुळण्याच्या आत खाली उतरले. मला त्या मुलीचे कौतुक वाटले. अशी एक जण आमच्या महाविद्यालयात असती तर, असेही मनात आले.

हिरवे कार्ड वर गेले. दीपप्रज्वलनाला चार मान्यवर होते : हेडटीचर, डेप्युटी, वर्गशिक्षिका आणि स्वतः अध्यक्ष. समईला एकच बटण होते. हेडटीचरनी ते दाबले, समई लागली, टाळ्या झाल्या. मग आपल्या रीतीप्रमाणे डेप्युटींना पुढे बोलावले. त्यांनी दाबले, समई विझली. वर्गशिक्षिकेने ती लावली. अध्यक्षांनी ती समारंभपूर्वक विझवली, आणि मग हे अशुभ दिसते हे ध्यानात येऊन पुन्हा लावली. मुलांना हा खेळ फार आवडला.

सत्कार मात्र बेतात झाले. किचनच्या बाईंनी नारळ कानाशी हलवून पाहिला आणि केअरटेकरनी शाल मिळताच घडी घालून काखेत मारली. पाचव्या मिनिटाच्या आधीच माझे नाव पुकारले गेले. पडद्याआड नात उभी होती. दोरी गुंडाळून तयार, भोवरा मुठीत, ओठ हलत होते. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. कशी का होईना, तिची बेरीज बरोबर आली होती.

मी वाचायचा चष्मा लावला, कागद उघडला आणि पहिले वाक्य वाचले. ‘मी ग्रंथपाल होते, सारे आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात गेल्यामुळे स्वतः बोलण्याचा प्रसंग आला नाही.’

हॉल हसला.

वाचकांपैकी जे नेहमी बोलतात त्यांना या हसण्याची किंमत कळणार नाही. दोनशेएक माणसे मी म्हटलेल्या वाक्याला एकदम हसली. मी कागदावरून नजर काढली. हेडटीचर पुढे झुकून ऐकत होत्या. मग मी कागद सोडून बोलू लागले. आमच्या वाचनकक्षाबद्दल बोलले. एकमेकांची नावेही माहीत नसलेली मुले एका पंख्याखाली बसून अभ्यास करायची आणि वीज गेली की एकाच मेणबत्तीभोवती सरकायची, हेच कम्युनिटी स्पिरिट नव्हे काय, असे मी विचारले. पुन्हा हसू, एका ठिकाणी टाळी. माझे इंग्रजी मला ओळखू येईना, इतके सरळ चालले होते.

मग मी नातीची ओळख करून देऊ लागले. ती किती लाजरी आहे ते सांगितले. भोवरा म्हणजे काय ते सांगितले. तो लाकडाचा असतो आणि दोरीने जागा होतो, हे सांगितले. तळहातावर तो कसा झेलतात हे मी रिकाम्या हाताने करूनही दाखवले. आणि ‘हे तिला कोणी शिकवले असेल, ओळखा पाहू’ असे म्हणून छातीवर हात ठेवला. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथे पडल्या.

मध्ये कधीतरी पिवळे कार्ड वर गेले होते.

लाल कार्ड वर आले तेव्हा मी वाक्याच्या मध्यावर होते. वाक्य पुरे केले आणि थांबले. शिस्तीची आहे मी.

अध्यक्ष लगबगीने माइककडे निघाले. “जस्ट हाफ अ मिनिट, आभार...” वेळरक्षक मुलगी उठली आणि लाल कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरून माइकसमोर उभी राहिली. हेडटीचर हळहळून म्हणाल्या की सर्व देशांना सारखा न्याय द्यायला हवा, आणि पुढे पोलंड आहे. केअरटेकरनी शाल खुर्चीवर ठेवून रबरी चटई गुंडाळली. ती उलगडून अकरा मिनिटे झाली होती.

पडद्याआड नात भोवऱ्याची दोरी सोडवत होती. एकेक वेढा, सावकाश. मग तिने दोरीची व्यवस्थित घडी केली आणि दोन्ही वस्तू कार्डिगनच्या खिशात ठेवल्या.

“आभार राहिले हो, काकू!” अध्यक्ष मला भेटून म्हणाले. “इथल्या मुलांना मोठ्यांचा मान म्हणून नाही. पण तुम्ही काय बोललात! लपून होतात की इतके दिवस!”

“पुढच्या वर्षी दोन मिनिटं देऊ तुम्हाला,” चिटणीसबाई म्हणाल्या.

आभार राहिल्याचे दुःख आमच्या मंडळींना महिनाभर पुरले. भोवरा राहिल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण माझ्या भाषणात तो इतका तपशीलवार आला होता की अनेकांना तो पाहिल्यासारखेच वाटत होते. मुलगा म्हणाला, “आई, फारच छान बोललीस.” सुनेने घरी येऊन डबे जरा जोरात घासले.

झोपायच्या आधी नात माझ्या खोलीत आली. ती रडलेली असेल असे मला वाटले होते. ती मला धीर द्यायला आली होती.

“इट्स ओके, आजी. तुला यलो कार्ड दिसला नाही ना? तू वाचायची चष्मा घातली होतीस. त्यातून लांबचं नाही दिसत. मी मम्मीला पण सांगितलं.”

मी म्हणाले, “चष्मा बदलायलाच हवा गं आता.”

हे वाक्य खोटे नव्हते. कोणताही चष्मा केव्हाही बदलता येतो. पण वाचायच्या चष्म्यातून लांबची अक्षरे पुसट होतात, रंग होत नाहीत. पिवळे कार्ड मला दिसले होते. त्या मुलीने ते डोक्यावर धरले होते, हात थकल्यावर दुसऱ्या हातात घेतले होते, तेही दिसले होते. त्या वेळी मी थांबले असते तर दोन मिनिटे उरली होती, आणि भोवरा झेलायला दहा सेकंद पुरतात. मी हिशोब केला होता. आणि मग मी मेणबत्तीची गोष्ट सांगायला घेतली.

सुनेने त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानात वेळ घेतली. तिथल्या तरुणाने मला पाटीवरची अक्षरे वाचायला लावली. वयाच्या मानाने माझी दूरची दृष्टी अतिशय चांगली आहे, असे तो म्हणाला. हे बाहेर बसलेल्या सुनेला ऐकू गेले किंवा कसे, ते मला ठाऊक नाही. मी नवी फ्रेम घेतली.

शुक्रवारी शाळेने त्या आठवड्याचे कम्युनिटी स्पिरिटचे प्रशस्तिपत्र दिले ते मला. आजीला मिळण्याची ही पहिलीच वेळ. मी मुलांच्या सभेत नसते, म्हणून ते घ्यायला नातीला मंचावर बोलावले. प्लॅस्टिकमध्ये मढवलेला तो कागद घेऊन ती ‘थँक यू’ म्हणाली आणि खाली आली. आमच्या फ्रिजवर तो अजून आहे. तिने पुन्हा भोवरा शाळेत नेण्याबद्दल विचारले तेव्हा बाईंनी तो फॉर्म काढून पाहिला. परवानगी त्या एका संध्याकाळचीच होती, आणि नवा फॉर्म भरायला नवे निमित्त लागते.

इथवर असते तर मी हे लिहिले नसते. पोटात ठेवण्याच्या गोष्टी ठेवायला मला येतात. पण सत्र संपण्याच्या आधी विद्यार्थी मंडळाने मुलांकडून सूचना मागवल्या, आणि आमच्या नातीने दुसऱ्यांदा हात वर केला. नुसता हात वर करून भागत नाही, मंडळापुढे उभे राहून सूचना मांडावी लागते. तिने ती मांडली. बाईंनी सुनेला नंतर सगळे सांगितले. ती म्हणाली की वेळेची कार्डे फार लहान आहेत. तिच्या आजीला पिवळे कार्ड दिसले नाही, त्यात आजीची काही चूक नव्हती, आजीने प्रॉमिस केले होते आणि आजी प्रॉमिस मोडत नाही. म्हणून ज्यांचे डोळे म्हातारे आहेत त्यांच्यासाठी कार्डे मोठी करावीत. बाई म्हणाल्या, ती दीड मिनिट बोलली आणि एकदाही खाली पाहिले नाही.

सूचना एकमताने मंजूर झाली. नवी कार्डे चहाच्या ट्रेएवढी आहेत. हेडटीचरनी शाळेच्या पत्रकात त्यावर एक परिच्छेद लिहिला, त्यात सर्वसमावेशकता हा शब्द तीनदा आला. कागदी झाडावर नातीच्या नावाचे पान लागले, आणि ते खाली पडू नये म्हणून केअरटेकरनी त्याला चांगला खिळा मारला. आता, सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्यावर, ती वर्गात हात वर करते. रोज नाही, पण करते. घरी आल्यावर सांगते, “आजी, मी आज परत बोलली.” मी म्हणते, “शाब्बास.”

परवा अध्यक्षांचा फोन आला. पुढच्या वर्षी भारताची पाळी आमची नसली तरी मराठी पालकांच्या इतर कार्यक्रमात प्रास्ताविक मीच करायचे आहे. मी नाही म्हणाले. त्यांना तो विनय वाटला.

परतीच्या विमानाला आता नऊ दिवस उरले आहेत. रोज शाळेतून येताना बारा मिनिटे आम्ही दोघीच चालत असतो, आणि रोज त्या बारा मिनिटांत मी तोंड उघडते. ती ज्या एका गोष्टीवर उभी राहून बोलायला शिकली, ती गोष्ट खरी नाही. हे तिला मी सांगितले नाही तर मी खोटी, आणि सांगितले तर तिने सर्वांपुढे माझ्या बाजूने दिलेली साक्ष खोटी ठरते. सुनेला विचारावे तर तिला बहुधा आधीच ठाऊक आहे, आणि मुलाला विचारावे तर तो म्हणेल, आई, इतका काय विचार करतेस.

म्हणून ज्यांनी इथपर्यंत वाचले त्यांना विचारते : पिवळे कार्ड मला दिसले होते, हे मी तिला सांगावे का?